चिंबोरी भरलेली की पोकळ?

पाऊस ओसरला की शनिवारी संध्याकाळी गोराई, मनोरी आणि उत्तनच्या किनाऱ्याकडे तंबू, शेगड्या आणि गिटारी निघतात. रात्र चढली की कंपूतला एखादा उत्साही गडी मोबाइलचा टॉर्च पेटवून खडकांकडे वळतो. त्याने कुठेतरी लक्षद्वीपचा नाहीतर अंदमानचा व्हिडिओ पाहिलेला असतो. काचेसारखे पाणी, प्रवाळाची कपार आणि तिच्यातून हाताने उचललेली भलीमोठी शेवंड. उत्तनच्या खडकांत मात्र त्याला भेटतात नखाएवढे खेकडे, थोडे शंख-शिंपले, आणि परत येताना कालवांच्या धारेने कापलेला अंगठा.

शेवंड इथे नाही असे नव्हे. ती त्याला दिसणार नाही, एवढेच. चौकजवळच्या धारावी किल्ल्याच्या टेकडीवर उभे राहिले की कारण समोरच असते. उल्हास नदीने वाहून आणलेला गाळ वसईच्या खाडीतून समुद्रात पसरतो आणि पाण्याचा रंग दूरवर चहासारखा राहतो. या गढूळ पाण्याला सरावलेली एक जात आहे, पॅन्युलिरस पॉलिफॅगस. गुजरात-महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरची मुख्य शेवंड हीच. हिरवट राखाडी अंग, शेपटीवर आडवे फिकट पट्टे. प्रवाळापेक्षा हिला चिखल-खडकाचा तळ मानवतो. दिवसभर आडोशाला बसायचे आणि रात्री चरायला निघायचे, असा तिचा शिरस्ता. ती हाती लागते ती तळाशी लावलेल्या जाळ्यांत किंवा ट्रॉलरच्या ओढीत. टॉर्चवाल्या पाहुण्याने तिचा नाद सोडावा आणि खाडीकडे तोंड करावे. तिथे चिंबोरी आहे.

खाडीतली चिंबोरी, म्हणजे सायला वंशाचा चिखलातला खेकडा, तिवरांच्या मुळांत आणि काठाच्या बिळांत राहते. ती पकडायचे जुने साधन म्हणजे फग. एक गोल कडे, त्याला झोळीसारखे विणलेले जाळे, मधोमध बांधलेले आमिष आणि वर दोरी. आमिष म्हणून माशांची मुंडकी किंवा कोंबडीची आतडी. फग पाण्यात सोडायचा, थोडा वेळ थांबायचे आणि मग झटका न देता पण सलग हाताने वर ओढायचा. मध्ये थबकले की चिंबोरी कडेवरून उतरून जाते. ती आमिषापाशी येते ती डोळ्यांनी पाहून नव्हे. तिच्या तोंडापुढे दोन आखूड मिशा सतत फडफडत असतात. त्यांच्यावरचे केस पाण्यात विरघळलेला वास टिपतात. म्हणून आमिष ताज्या रक्ताचे असले तर बरे, आणि पाणी थोडे वाहते असले तर त्याहून बरे, कारण वास दूरवर जायला प्रवाह लागतो. अगदी ठप्प पाण्यात फग रिकामे येतात आणि उधाणाच्या ऐन ओढीत ते जागेवरच राहत नाहीत. मधली वेळ साधणे हेच कसब.

आता बाजारात जाऊ. भाईंदरच्या मासळीबाजारात सुतळीने नांग्या बांधलेल्या चिंबोऱ्यांपुढे एकच प्रश्न ऐकू येतो.

“मावशी, भरलेल्या आहेत ना?”

“दाबून बघ की.”

आणि गिऱ्हाईक पोटाकडची कडा अंगठ्याने दाबून पाहते. कवच दबले तर चिंबोरी पोकळ. दबले नाही आणि हाताला आकाराच्या मानाने जड लागली तर भरलेली. यावर किनाऱ्यावर एक ठाम समजूत आहे: अवसेची चिंबोरी भरलेली, पुनवेची पोकळ. मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत कुणालाही विचारा, हेच सांगेल.

समजूत तपासण्याआधी पोकळपणा म्हणजे काय ते पाहायला हवे. चिंबोरीचे कवच वाढत नाही. आतला प्राणी मोठा व्हायचा तर जुने कवच टाकून नवे घालावे लागते. ही तयारी बरेच दिवस आधी सुरू होते. जुन्या कवचातला चुना काही प्रमाणात शोषून घेतला जातो आणि त्याच्याखाली मऊ, सुरकुतलेले नवे कवच तयार होते. सगळ्यात अवघड भाग नांगीचा. नांगीत स्नायू ठासून भरलेला आणि ती अंगाला जोडणारा सांधा अगदी चिंचोळा. एवढा स्नायू त्या सांध्यातून बाहेर निघणार कसा? तर कात टाकायच्या आधी तो स्नायू स्वतःच आक्रसतो. मग पाठीमागची शिवण उकलते आणि चिंबोरी मागच्या मागे आपल्याच जुन्या अंगातून बाहेर पडते. डोळ्यांवरचे, कल्ल्यांवरचे आणि जठराच्या आतले आवरणसुद्धा मागे राहते.

बाहेर आली की ती पाणी पिते, भरपूर. पाण्याने अंग फुगते, मऊ कवच ताणले जाते आणि त्या वाढीव मापावरच ते टणक होते. म्हणजे घर मोठे झाले, माणसे तेवढीच. मधल्या जागेत पाणी. पुढचे काही आठवडे खाऊन खाऊन मांस त्या मापापर्यंत पोहोचते. या काळात पकडलेली चिंबोरी पातेल्यात पाणी सोडते आणि नांगी फोडली तर आत दोरीएवढा स्नायू निघतो. मावशींवर चिडून उपयोग नाही, चिंबोरी फक्त चुकीच्या आठवड्यात पकडली गेलेली असते. भारतात आणि बाहेरही चिंबोरी पाळणारे अशा पोकळ चिंबोऱ्या स्वस्तात घेतात, तीनचार आठवडे मासळी खाऊ घालतात आणि भरल्यावर चढ्या भावाने विकतात. म्यानमार, थायलंड, व्हिएतनाममध्ये याच्या नेमका उलटा धंदा चालतो. एकेक चिंबोरी वेगळ्या डब्यात ठेवायची, रात्रंदिवस दर काही तासांनी डबे तपासायचे आणि कात टाकल्याटाकल्या ती मऊ असतानाच उचलून थंड करायची. ती कवचासकट खाल्ली जाते.

तर, चंद्र. लहान पिल्ले काही आठवड्यांनी कात टाकतात, पण बाजारात येण्याइतकी मोठी चिंबोरी वर्षातून फार थोड्या वेळा. मग ती दर पुनवेला पोकळ होणार कशी? शिवाय अवस आणि पुनव, दोन्ही वेळा उधाणच असते. भरती-ओहोटीच्या दृष्टीने चिंबोरीला या दोन तिथींत फरक कळायला जागा नाही. फरक फक्त उजेडाचा. काही जातींचे खेकडे चांद्रमासाच्या ठरावीक दिवसांत जास्त संख्येने कात टाकतात अशा नोंदी आहेत, आणि रात्री चरणारे प्राणी टिपूर चांदण्यात कमी बाहेर पडतात हेही खरे. समजुतीला एवढा आधार पुरला असावा. माझ्या मते अंगठ्याने दाबून बघणे हे पंचांग बघण्यापेक्षा केव्हाही भरवशाचे.

कात टाकण्याचा संबंध पिलावळीशीही आहे. सायलाची मादी नराला स्वीकारते ती कात टाकून मऊ झाल्यावर. त्याआधी काही दिवस नर तिला पोटाखाली धरून फिरतो, मिलनानंतरही तिचे कवच घट्ट होईपर्यंत सोडत नाही. मादी त्याचे शुक्राणू साठवून ठेवते आणि पुढे गरजेप्रमाणे वापरते. तिच्या आतला अंडाशय पिकला की नारिंगी होतो. तीच लाख, जिच्यासाठी लोक दोन पैसे जास्त मोजतात. अंडी बाहेर पडून पोटाखालच्या झडपेला चिकटली की मादी तिवरे सोडून खुल्या समुद्राकडे निघते, कारण पिल्लांना खाडीचे गोडसर पाणी सोसत नाही. अंडी लाखोंनी असतात. आधी नारिंगी, मग तपकिरी, शेवटी काळपट. तो काळा रंग म्हणजे आतल्या पिल्लांचे डोळे. नर-मादी ओळखायला पोट पाहावे: झडप अरुंद त्रिकोणी तर नर, रुंद गोलसर तर वयात आलेली मादी.

उत्तनच्या जाळ्यांत आणखी एक खेकडा येतो, पाठीवर क्रूसाची खूण असलेला. शास्त्रीय नाव कॅरिब्डिस फेरिएटा. मलुकू बेटांजवळ वादळात हरवलेला सेंट फ्रान्सिस झेवियरचा क्रूस एका खेकड्याने नांगीत धरून परत आणला आणि तेव्हापासून ही खूण त्याच्या पाठीवर आहे, अशी कथा कॅथलिक जगात शतकानुशतके चालत आली आहे. वेलंकणी मातेच्या उत्तनमध्ये ती सांगायला याहून योग्य खेकडा मिळणार नाही. कात टाकली तरी खूण जात नाही, हा माझा पुरवणी मजकूर.

शेवंडीकडे परत येऊ, कारण कात टाकून मऊ पडलेल्या दिवसांत बचावाला तिच्याकडे चिंबोरीसारख्या नांग्याही नसतात. सिनेमात दिसणारे मोठ्या नांग्यांचे लॉबस्टर अटलांटिकचे. आपल्या शेवंडीकडे काटेरी पाठ आणि लांब मिश्या. शिवाय एक आवाज. जाळ्यातून काढताना ती करकरते. अमेरिकन संशोधिका शीला पॅटेक यांनी २००१ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिले की हा आवाज टणक दातऱ्यावर काही घासून निघत नाही, जसा बहुतेक किड्यांचा निघतो. मिशीच्या बुडाचा एक मऊ भाग डोळ्याखालच्या गुळगुळीत पट्टीवर अडत-सुटत सरकतो, व्हायोलिनच्या तारेवर गज सरकतो तसा. यंत्रणेला टणकपणा लागत नाही, म्हणून कवच मऊ असतानाही शेवंड शत्रूला दचकवू शकते.

तिचे बालपण मात्र माणसाला अजून नीट जमलेले नाही. अंड्यातून निघणारे पिल्लू कागदासारखे चपटे आणि पारदर्शक असते. ते महिनोन् महिने खुल्या समुद्रात तरंगते, कात टाकत टाकत. मग एका टप्प्यावर ते काहीही न खाता किनाऱ्याकडे पोहत येते आणि तळाला बसते. जपानमध्ये १९८०च्या दशकाच्या अखेरीस प्रयोगशाळेत अंड्यापासून इथपर्यंत पोहोचवणे साधले, पण आजही शेवंडपालन मुख्यतः समुद्रातून पकडलेल्या पिल्लांवरच चालते. चिंबोरीचे तसे नाही. तमिळनाडूत राजीव गांधी मत्स्यपालन केंद्राने चिंबोरीची पिल्ले हॅचरीत तयार करून दाखवली आहेत.

म्हणून शेवंड संपवली तर भरून काढायला हॅचरी नाही. हे मुंबईने एकदा पाहिले आहे. थेनस नावाची चपटी, मिश्या आखूड असलेली शेवंड १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून मुंबईबाहेरच्या ट्रॉलर्सना कोळंबीबरोबर मिळू लागली. निर्यातीला भाव मिळाला आणि पकड शेकडो टनांवर गेली. पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत, १९९४च्या सुमारास, ही मासेमारी कोसळली. तळ खरवडणाऱ्या जाळ्याला अंडी असलेली मादी आणि नसलेली मादी यांतला फरक कळत नाही.

त्यानंतर २००३ मध्ये केंद्राने निर्यातीसाठी वजनाची खालची मर्यादा घातली: आपल्या पॉलिफॅगससाठी ३०० ग्रॅम, थेनससाठी १५० ग्रॅम. बंधन निर्यातीवर आहे, त्यामुळे अडीचशे ग्रॅमची शेवंड परदेशी जात नसली तरी मुंबईच्या हॉटेलात जाऊ शकत होती. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवला. अमेरिकेतल्या मेन राज्याची पद्धत मला जास्त पटते. तिथे अंडी असलेली मादी मिळाली की कोळी तिच्या शेपटीच्या पात्याला त्रिकोणी खाच पाडून परत सोडतो. पुढे अंडी नसतानाही ती खाच दिसली की तिला हात लावायचा नाही. खाच काही काता टिकते, मग बुजते. कायदा प्राण्याच्या अंगावरच लिहिलेला, तराजू लागत नाही.

तिवरांबद्दल थोडक्यात. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ पासून तिवरे तोडायला आणि त्यांवर भराव घालायला बंदी केली आहे. मीरा-भाईंदरकरांना भरावाच्या बातम्या नव्या नाहीत. तिवर गेले की फगात यायला चिंबोरी राहत नाही, याला संशोधनाची गरज नाही.

तंबूवाल्यांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. अवस-पुनवेच्या उधाणात आपल्याकडे भरती दुपारी आणि मध्यरात्रीच्या आसपास भरते, खोल ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास असते. संध्याकाळी मोकळे दिसलेले खडक मध्यरात्री पाण्याखाली असतात, आणि उधाणात इथे पाणी चार-पाच मीटर चढते. फगात पोटाशी अंडी असलेली मादी आली तर सोडावी. अंदमान-लक्षद्वीपला गेलात तर प्रवाळातले रंगीबेरंगी, काळ्या टोकांच्या नांग्यांचे खेकडे खाऊ नका. त्यांतल्या काहींत असलेले विष शिजवूनही जात नाही.

चिंबोरी जिवंत उकळत्या पाण्यात टाकायची पद्धत मोडायला हवी, असे माझे मत आहे. स्वित्झर्लंडने २०१८ मध्ये लॉबस्टर असे उकळायला मनाई केली आणि ब्रिटनने २०२२च्या कायद्यात खेकडे-शेवंडींना वेदना जाणवणाऱ्या प्राण्यांत धरले. बर्फात गाडून ठेवली की चिंबोरी सुस्त होते. मग सुरी चालवावी. नांग्याही तुटून पडत नाहीत, एरवी घाबरलेली चिंबोरी ठरावीक सांध्यातून पाय स्वतःच सोडून देते. आधीच मेलेली चिंबोरी मात्र कितीही मोठी मिळाली तरी घेऊ नये. तिच्या पाचक ग्रंथीतले रस मेल्याबरोबर तिचेच मांस विरघळवायला लागतात, जिवाणूंना रान मोकळे मिळते, आणि थोड्याच वेळात भरलेली चिंबोरीसुद्धा पोकळ लागते.