जुन्या काँक्रीटास नवें काँक्रीट जोडतांना

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यांत ज्यांची शेती अद्याप टिकून आहे, त्यांच्या आवारांत दरसाल कांहींना कांहीं काँक्रीटाचें काम निघतेंच. गोठ्याचा कोबा, कांदाचाळीचा ओटा, विहिरीचा कठडा, पाण्याचा हौद, आणि कारखान्यांतील कामगारांस भाड्यानें देण्यासाठीं बांधलेल्या खोल्या, हीं कामें बहुधा एकदम होत नाहींत. हातीं पैसा आला तेवढें आज करावें, उरलेलें पुढील हंगामावर टाकावें, अशी आपली रीत. त्यामुळें जुन्या काँक्रीटास नवें जोडण्याचा प्रसंग वारंवार येतो. बाजारांत यासाठीं निरनिराळीं जोडद्रव्यें मिळतात, आणि तीं एकदां फासलीं कीं सांधा पक्का झाला, असा समज पसरला आहे. हा समज कोठपर्यंत खरा आणि कोठें घातक, हें सांगणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम स्वतःचाच अनुभव सांगतों. चाकणजवळील आमच्या गोठ्याची जमीन झिजून गुळगुळीत झाली होती व जनावरें घसरत होतीं; म्हणून पावसाळ्यापूर्वीं तिजवर दोन इंचांचा नवा थर घालण्याचें ठरविलें. गवंड्यानें जमीन झाडून घेतली, दुकानांतून आणलेलें पांढरें जोडद्रव्य सकाळीं ब्रशानें फासलें, आणि मिक्सर उशिरां आल्यामुळें काँक्रीट दुपारीं पडलें. काम दिसण्यांत उत्तम झालें. परंतु दिवाळीपर्यंत त्या थराचे कोपरे उचलले, व काठीनें ठोकल्यास मडक्यासारखा पोकळ नाद येऊं लागला. पुढें एका दुभत्या गाईचा पाय उखडलेल्या धारेवर पडून खूर चिरला, तेव्हां सगळा थर काढावा लागला. काढतांना दिसलें तें असें: दोन थरांच्या मध्यें जोडद्रव्याचा चकचकीत पापुद्रा जसाच्या तसा होता. जें चिकटविण्यासाठीं लावलें, त्यानेंच दोहोंना वेगळें ठेवलें होतें. दोष द्रव्याचा नव्हता. आमच्या कामाचा होता.

नवें जुन्यास कां धरत नाहीं?

ओल्या काँक्रीटावर ओलें काँक्रीट पडल्यास दोन्ही एकजीव होतात. जुनें काँक्रीट मात्र घट्ट होऊन बसलेलें असतें. नव्यानें त्याच्या खडबडींत शिरून पकड घ्यावी लागते. या पकडीस तीन अडथळे येतात. पहिला अडथळा पृष्ठभागाचा. काँक्रीट ओतून थापीनें घोटतांना पाण्याबरोबर सिमेंटाची बारीक साय वर येते. ती वाळल्यावर कठीण भासते, परंतु मुळांत ठिसूळ असते. तिच्यावर केलेला सांधा म्हणजे पापडावर उभारलेली भिंत होय. गोठ्यांत त्यावर शेण व मूत्र मुरलेलें असतें, आणि ट्रॅक्टर उभा राहातो तेथें तेल. दुसरा अडथळा पाण्याचा. कोरडें जुनें काँक्रीट तहानलेल्या जमिनीप्रमाणें नव्या मालांतील पाणी ओढून घेतें, व नेमक्या सांध्याच्या जागीं सिमेंट अर्धवट राहातें. तिसरा अडथळा आकसण्याचा. नवें काँक्रीट वाळतांना आकसतें. जुनें आपलें आकसणें कधींच संपवून बसलेलें असतें. आय. एस. 456 या भारतीय संहितेंत हें आकसणें हिशोबासाठीं साधारण 0.0003 धरलें आहे, म्हणजे दहा मीटर लांबीस सुमारें 3 मिलिमीटर. आंकडा लहान दिसतो, परंतु सांधा कच्चा असल्यास तेवढ्या ओढीनें थराच्या कडा व कोपरे उचलले जातात.

पूर्वतयारी

याच संहितेच्या सन 2000 च्या आवृत्तींत सांध्याविषयीं जें सांगितलें आहे, त्याचा सारा भर जुन्या पृष्ठभागावर आहे. साय काढावी, पृष्ठभाग खडबडीत करावा, खडी मात्र ढिली होऊं देऊं नये, आणि नवा माल पडतांना जुनें काँक्रीट आंतून पाण्यानें तृप्त परंतु वरून कोरडें असावें, असा त्याचा मथितार्थ आहे. शेतकऱ्यानें तें पुढीलप्रमाणें अमलांत आणावें.

प्रथम हातोडीनें ठोकून जुन्या थराची परीक्षा करावी. बद्द आवाज येईल तेवढा भाग पोकळ समजून काढून टाकावा. जमीन ठिकठिकाणीं खचली असेल किंवा भेगा दर ऋतूंत उघडमीट करीत असतील, तर दोष खालच्या भरावांत किंवा फुगणाऱ्या काळ्या मातींत आहे असें समजावें. अशा जमिनीवर कितीही उत्तम थर घातला तरी तीच भेग वर उमटेल. जमीन पक्की असल्यास छिन्नीनें सर्वत्र टाचे मारून आंतील खडी दिसूं लागेपर्यंत साय उडवावी. दूर दूर चार टाचे मारून गवंडी मोकळा होतो, तें चालूं देऊं नये. तेल मुरलेला भाग धुऊन भागत नाहीं. तो खणूनच काढावा. तेल उरलें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं पाण्याचे चार थेंब टाकावे. थेंब मोत्यासारखे उभे राहिल्यास तेल आहे, पसरून मुरल्यास नाहीं. थराच्या कडा पातळ होत जाऊं नयेत, म्हणून कडेला उभी खांच घ्यावी. जुन्या जमिनींत मुद्दाम सोडलेला सांधा असेल, तर नव्या थरांतही त्याच रेषेवर तो सोडावा. हें सर्व करतांना उडणारी धूळ छातीस अपायकारक असते. तोंडास फडकें न बांधतां धूळ अडविणारा मास्क वापरावा.

यानंतर तारेच्या ब्रशानें घासून व जोराच्या पाण्यानें धुऊन आदले दिवशीं जमीन भिजत ठेवावी. काम सुरू करण्यापूर्वीं साचलेलें पाणी फडक्यानें टिपून घ्यावें. ओल असावी, चकाकी नसावी.

जोडद्रव्यांचे प्रकार

इतकी तयारी झाल्यावरच जोडद्रव्याचा विचार येतो. सर्वांत जुनें व स्वस्त द्रव्य म्हणजे सिमेंटाचें दाट कालवण. तें ब्रशानें जुन्या काँक्रीटांत घासून तें ओलें आहे तोंच वर माल टाकल्यास साध्या कोब्यास तें पुरतें. फार पातळ केल्यास, किंवा टाकून ठेवल्यास, तेंच एक कच्चा थर होऊन बसतें.

दुसरा प्रकार दुधासारख्या पांढऱ्या द्रवांचा. यांतही भेद आहे, आणि तो डब्याचा रंग पाहून कळत नाहीं. लांकडास चिकटविण्याच्या पांढऱ्या गोंदाच्या जातीचीं द्रव्यें पाणी लागल्यावर पुन्हां मऊ पडूं शकतात. गोठा, हौद, न्हाणीघर व विहीर येथें तीं मुळींच वापरूं नयेत. एस.बी.आर. नांवाचें कृत्रिम रबराचें लॅटेक्स व ॲक्रिलिक जातीचीं द्रव्यें ओलाव्यास टिकतात. तीं नुसतीं न फासतां सिमेंटांत कालवून ब्रशानें लावावीं. प्रमाण डब्यावर लिहिलेलें असतें, तेंच पाळावें.

तिसरा प्रकार इपॉक्सी राळेचा. ही दोन डब्यांतून येते, आणि दोहोंचें मिश्रण झाल्यावरच घट्ट होते. अंदाजानें अर्धा अर्धा भाग घेतल्यास ती कधींच नीट घट्ट होत नाहीं. म्हणून पुरा डबा पुऱ्या डब्यांत मिसळावा. उन्हाळ्यांत मिश्रण वापरण्याजोगें राहण्याचा काळ फार थोडा असतो. साधारण जातीच्या राळेस पृष्ठभाग कोरडा लागतो, म्हणजे वर सांगितलेल्या भिजविण्याच्या नेमकें उलट. ओलाव्यावर चालणारी जात हवी असल्यास ती मागून घ्यावी. ही राळ महाग आहे व कातडीस बाधते. हातमोज्यांशिवाय तिला शिवूं नये. गोठ्याच्या कोब्यास तिची सहसा गरज नसते.

द्रव्य कोणतेंही असो, नियम एक: तें चिकट आहे तोंवरच वर माल पडला पाहिजे. वाळल्यास त्यावर पुन्हां हात न मारतां तें खरवडून काढावें व नवें लावावें. म्हणून माल तयार झाल्याखेरीज ब्रश उचलूं नये, आणि एका वेळीं घमेलीं पोहोंचतील तेवढीच जागा फासावी. चैत्र-वैशाखांत काम सकाळीं लौकर किंवा उतरत्या उन्हांत धरावें.

माल व पाणी

नव्या मालांत पाणी कमी असावें. पातळ माल सोपा पसरतो, परंतु जास्त आकसतो. थर दीड इंचाहून पातळ घेऊं नये. पहिली घमेलीं टाकल्यावर माल दाबून व ठोकून जुन्या खडबडींत बसवावा. गोठ्यांत वरचा पृष्ठभाग घोटून आरसा करूं नये. जनावरांच्या खुरांस आधार मिळेल अशा रेघा ओढाव्या. त्याच दिवसापासून थर झांकावा व गोणपाट टाकून निदान 10 दिवस ओला ठेवावा. सगळी मेहनत करून या दहा दिवसांत जो कंटाळतो, त्याचा सांधा सुटतो. महिन्यानंतर पुन्हां हातोडीनें ठोकून पाहावें. सर्वत्र भरीव नाद आल्यास काम साधलें.

जेथें जोडद्रव्यावर विसंबूं नये

आतां या लेखांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. वर जें सांगितलें, तें जमिनीवर निजून असलेल्या थरांसाठीं आहे. भाड्याच्या खोल्या वाढवितांना जुन्या स्लॅबला नवा सज्जा जोडणें, जुन्या खांबावर नवा मजला चढविणें, जुन्या तुळईची लांबी वाढविणें, हीं कामें चिकटविण्याचीं नव्हेत. सज्जा आपल्या भारानें सांध्यापाशीं वरच्या बाजूस ओढ घेतो, आणि ती ओढ सोसणें हें पोलादी सळईचें काम आहे. जुन्या सळया उघड्या करून त्यांना पुरेशा लांबीनें नव्या जोडाव्या लागतात, किंवा भोंकें पाडून नव्या सळया योग्य खोलीपर्यंत बसवाव्या लागतात. आणि जुना पाया व खांब नवा भार सोसतील कीं नाहीं, हें अगोदर हिशोबानें ठरवावें लागतें. हें गवंड्याचें काम नसून इंजिनियराचें आहे.

मोठ्या कामांतही हेंच तत्त्व दिसतें. सातारा जिल्ह्यांत 11 डिसेंबर 1967 रोजीं पहांटे झालेल्या भूकंपानें कोयना धरणाच्या वरच्या भागांत, जेथें मागील बाजूचा उतार एकदम बदलतो त्या सुमारास, आडव्या भेगा पडल्या. त्या भेगांत इपॉक्सी राळ भरण्यांत आली. परंतु केवळ राळेवर धरण सोडलें नाहीं. ताण दिलेल्या पोलादी तारांनीं वरचा भाग खालीं आवळून घेतला, आणि पुढें मागील बाजूस काँक्रीटाचे भक्कम आधार उभारले. राळेनें भेग बुजविली; भार पोलादानें आणि काँक्रीटाच्या वजनानें पेलला. ज्या कामावर एवढ्या इंजिनियरांची नजर होती तेथें ही सावधगिरी, तर ज्या सज्ज्याखालीं आपलीं मुलें खेळतात व परगांवचा कामगार बिऱ्हाड करून राहातो, तेथें एका डब्यावर भरंवसा ठेवणें कितपत योग्य, याचा विचार ज्यानें त्यानें करावा.

सारांश, गवंड्याशीं काम ठरवितांना जोडद्रव्य कोणतें हें शेवटीं विचारावें. टाचे मारणें, धुणें, भिजविणें व दहा दिवस पाणी मारणें यांची मजुरी कराराच्या कागदावर वेगळी लिहून घ्यावी, आणि टाचे मारून झाल्यावर जमीन स्वतः वांकून पाहिल्याखेरीज माल टाकूं देऊं नये. पेरणीपूर्वीं जमिनीची मशागत केल्यावांचून नुसत्या उंची बियाण्यावर पीक येत नाहीं, हें शेतकऱ्यास कोणीं शिकवावें लागत नाहीं. काँक्रीटाच्या सांध्यासही तोच न्याय लागू आहे.