पाणी मुरते कुठे?

बँकेत संध्याकाळी रोकड जुळली नाही की आम्हां कारकुनांना घरी जाता येत नाही. नळाच्या पाण्याचा हिशेबही असाच असतो. जलाशयातून किती सोडले आणि मीटरवर किती उतरले, याचा ताळा घेतला की फरक कळतो. त्यात चोरी असते, बिघडलेली मीटर असतात आणि गळतीही असते. जमिनीखालची गळती सापडणे सर्वांत कठीण. ती कशी शोधतात, हे विद्यार्थी मित्रांसाठी येथे थोडक्यात मांडत आहोत.

टेंभी नाक्याजवळच्या आमच्या जुन्या इमारतीत एका पावसाळ्यात पाण्याला वास येऊ लागला आणि आठवड्याभरात चार घरची मुले जुलाबाने आडवी झाली. नळजोडणीची गंजलेली नळी गटारातून गेलेली होती. पाणी चालू असताना ते छिद्रातून बाहेर पडते. पुरवठा बंद झाला की नळीतला दाब उतरतो आणि गटाराचे पाणी आत ओढले जाते. दुसऱ्या दिवशी पहिल्या हंड्यात तेच येते.

शोधाचे सर्वांत जुने साधन म्हणजे लोखंडी सळई. तिचे एक टोक व्हॉल्व्हवर टेकवून दुसऱ्याला कान लावायचा. दाबाने बाहेर पडणारे पाणी सूं सूं आवाज करते. हे काम रहदारी थांबल्यावर रात्री करतात, पण त्या वेळी नळीत पाणीही असावे लागते. नवरात्रात आमच्या नाक्यावर मात्र रात्रीसुद्धा काही ऐकू येणे नाही!

कोरिलेटर हे यंत्र हेच काम गणिताने करते. नळीवर दोन ठिकाणी श्रवणयंत्रे बसवतात आणि आवाज कुठे किती आधी पोहोचला ते मोजतात. समजा अंतर 100 मीटर, नळीतून आवाजाचा वेग सेकंदाला 1200 मीटर आणि फरक 0.025 सेकंद. म्हणजे फरक 30 मीटरचा. 100 मधून 30 वजा करून निम्मे केले की गळती जवळच्या यंत्रापासून 35 मीटरवर. प्लास्टिकच्या नळीत आवाज लवकर विरतो. तेथे 5 टक्के हायड्रोजन मिसळलेला नायट्रोजन सोडून, वायू जमिनीतून कुठे वर येतो ते पाहतात.

रस्त्यावरचे डबके नळाचे की गटाराचे, हे क्लोरीनच्या चाचणीने कळू शकते. पिवळी छटा आली तर पाणी बहुधा नळाचे. छटा नाही आली तरी खात्री नसते, कारण क्लोरीन उडून जातो.

गळती केवळ जुन्या नळ्यांनाच होते असे नाही. ठाण्यात कूपनलिका खोदताना मुंबईला पाणी नेणाऱ्या भूमिगत बोगद्यालाच छिद्र पडले. दुरुस्तीसाठी मुंबईत 31 मार्च 2023 पासून 15 टक्के पाणीकपात करावी लागली.

घरचा हिशेबही करून पाहावा. गळक्या नळाखाली लिटरची बाटली 10 मिनिटांत भरत असेल, तर दिवसाला 144 लिटर गेले. शहरात माणशी 135 लिटर पाणी धरले जाते. म्हणजे एका माणसाहून अधिक! रात्री सर्व नळ बंद करून टाकीच्या पातळीवर खूण करावी. सकाळी पातळी उतरलेली दिसली तर गळती आपल्याच इमारतीत आहे.

आमची नळी अखेर गटाराच्या वरून घेतली. खर्च घरटी वाटून घेतला. दोन बिऱ्हाडांचे पैसे अजून यायचे आहेत.