पानांची अदलाबदल

बांधणीत दोन पुस्तकांची शेवटची पाने अदलाबदल झाली, तर मजकूर हरवत नाही. भलत्या जागी जातो. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात असेच घडते. रुग्णांच्या पेशींतले 22वे गुणसूत्र आखूड असते, हे 1960 साली फिलाडेल्फियात आढळले. उरलेला तुकडा नष्ट झाला, असा समज होता. शिकागोच्या संशोधक जॅनेट राउली यांनी गुणसूत्रांची छायाचित्रे कापून, घरच्या जेवणाच्या टेबलावर जोड्या लावून पाहिली. 9वे गुणसूत्र तेवढेच लांबलेले निघाले! ही अदलाबदल त्यांनी 1973 साली प्रसिद्ध केली. सांध्यावर दोन जनुके जुळून नवेच प्रथिन बनते आणि बिघडलेल्या नळासारखी पेशींची वाढ चालूच राहते. तो नळ आवळणाऱ्या इमॅटिनिब या औषधाला अमेरिकेत 2001 साली मान्यता मिळाली.