कार्बोरेटरवरचा आळ

जुन्या जावा मोटरसायकलचा मालक रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून इंजिनाकडे बघताना दिसला, की दोन मिनिटांत चार माणसं जमतात. त्यांतल्या तिघांचं निदान ठरलेलं असतं : ‘कार्बोरेटर साफ करा.’ चौथा काही न बोलता पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल करतो आणि म्हणतो, ‘आता मारा किक.’

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून साठच्या दशकापासून १९९६ पर्यंत आधी जावा आणि मग येझदी नावाने बाहेर पडलेल्या अडीचशे सीसीच्या गाड्या आजही रस्त्यावर आहेत. इंजिन अगदी साधं : दोन स्ट्रोक, एकच पिस्टन, व्यास ६५ मिलिमीटर, स्ट्रोक ७५ मिलिमीटर, ना व्हॉल्व्ह, ना टॅपेट. पण इंजिन साधं असलं म्हणजे निदानही आपोआप साधं होतं असं नाही. दुरुस्तीपेक्षा चुकीच्या समजुतींनीच या गाड्यांचं जास्त नुकसान केलं आहे.

गैरसमज : गाडी मिसिंग करते, म्हणजे कार्बोरेटर बिघडला.

वस्तुस्थिती : काल नीट चालणारी गाडी आज अचानक अडखळू लागली, तर आधी ठिणगीकडे बघावं. कार्बोरेटरचे स्क्रू रातोरात आपले आपण फिरत नाहीत. पॉइंट मात्र रोज झिजतात, कंडेन्सर जुना होतो, कॉइल तापते. थंड असताना झकास चालणारी आणि आठ-दहा किलोमीटरनंतर दम तोडणारी गाडी अर्ध्या तासाने पुन्हा सुरू होत असेल, तर कॉइल किंवा कंडेन्सरवर संशय घ्यायला जागा आहे. संध्याकाळी अंधारात कव्हर काढून इंजिन चालू ठेवावं. पॉइंटांमध्ये बारीकशी ठिणगी दिसणं ठीक, पण निळी-पांढरी चकाकी सतत उडत असेल, तर कंडेन्सर बदलावा.

जुन्या जावाचं इग्निशन सहा व्होल्टच्या बॅटरीवर चालतं. दिवसा बरी चालणारी गाडी रात्री हेडलाइट लावला की मिसिंग करू लागली, तर बॅटरी आणि डायनॅमोचं चार्जिंग तपासावं. कार्बोरेटरचा त्यात काडीचा संबंध नसतो.

गैरसमज : प्लग बाहेर काढून किक मारली, ठिणगी दिसली, म्हणजे इग्निशन ठीक.

वस्तुस्थिती : उघड्या हवेत ठिणगी उडणं सोपं असतं. सिलिंडरमध्ये दाबलेल्या मिश्रणातून तीच ठिणगी उडवायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून हातातली अशक्त, पिवळसर ठिणगी आतमध्ये दगा देते. शिवाय ती किती जोराची आहे, याइतकंच ती केव्हा पडते हेही महत्त्वाचं. पॉइंटांमधलं अंतर साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर असावं लागतं. ते वाढलं तर पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे सरकतं. कमी झालं तर मागे पडतं. म्हणून आधी फिलर गेज लावून अंतर, मग टायमिंग, हा क्रम मोडू नये. पॉइंट पॉलिश पेपरने घासून अंतर न बघताच कव्हर लावणं ही तर अर्धीच दुरुस्ती.

गैरसमज : प्लग काळा, म्हणजे पेट्रोल जास्त.

वस्तुस्थिती : कोरडी काजळी आणि ओला तेलकटपणा या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. काजळी असेल तर अडकलेला चोक, तुंबलेला एअर फिल्टर किंवा अशक्त ठिणगी. तेलकट असेल तर जास्त तेल, नाहीतर सीलमधून आत येणारं गिअरबॉक्सचं तेल. बराच वेळ आयडलिंगवर ठेवलेल्या गाडीचा प्लग काळा दिसणारच. रंग वाचायचाच असेल, तर नवा प्लग लावून मोकळ्या रस्त्यावर चांगली धाव द्यावी, वेगातच इग्निशन बंद करून क्लच दाबावा आणि थांबल्यावर लगेच प्लग काढावा.

गैरसमज : पेट्रोलमध्ये थोडं तेल जास्त टाकलं तर इंजिन सुरक्षित राहतं.

वस्तुस्थिती : १:२५ प्रमाण म्हणजे लिटरला ४० मिलिलिटर तेल. काळजीपोटी कुणी त्याचे ६० करतं. पण जेटचं भोक तेवढंच असतं. त्यातून तेल जास्त गेलं, म्हणजे पेट्रोल तेवढं कमी गेलं. हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं की इंजिन उलट जास्त तापतं. वरून पोर्टमध्ये आणि सायलेन्सरमध्ये कार्बन साचतो, गाडी ओढेनाशी होते. अशी गाडी घेऊन मेकॅनिककडे गेलं, की पुन्हा कार्बोरेटरच उघडला जातो!

गैरसमज : धूर वाढला, ताकद गेली, आता बोअर करावंच लागणार.

वस्तुस्थिती : हा सगळ्यांत महागडा गैरसमज. टू-स्ट्रोक इंजिनात मिश्रण आधी क्रँककेसमध्ये शिरतं आणि तिथून वर सिलिंडरमध्ये जातं. त्यामुळे क्रँकच्या दोन्ही टोकांची सील हवाबंद असावीच लागतात. क्लचच्या बाजूचं सील गेलं, की गिअरबॉक्सचं तेल आत ओढलं जातं. पांढरा धूर थांबत नाही आणि गिअर ऑइलची पातळी हळूहळू खाली जाते. डायनॅमोच्या बाजूचं सील गेलं, तर बाहेरची हवा आत येते. मग आयडलिंग आपोआप वाढतं, ॲक्सिलेटर सोडला तरी इंजिन खाली यायला वेळ लावतं, आणि डायनॅमोजवळ तेलकट ओल दिसू लागते. बोअरिंगचा खर्च करण्याआधी गिअर ऑइल मोजावं, डायनॅमोचं कव्हर काढून बघावं आणि सायलेन्सरमधला कार्बन साफ करावा.

गैरसमज : सायलेन्सरमधला बॅफल काढला की पिकअप वाढतो.

वस्तुस्थिती : वाढतो तो आवाज. टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सरमधून परतणारी दाबाची लाट ताजं मिश्रण बाहेर निसटण्यापासून रोखते. त्या लाटेची वाट बिघडवली, तर ताकद घटू शकते.

गैरसमज : महागडं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल जुन्या गाडीला मानवतं.

वस्तुस्थिती : जास्त ऑक्टेन नॉकिंग टाळण्यासाठी असतं. कमी कॉम्प्रेशनच्या या इंजिनाला त्याची गरज नाही. लक्ष द्यायचं ते इथेनॉलकडे. ते हवेतली ओल शोषतं, जुन्या रबरी नळ्या आणि वायसर खराब करतं आणि हवेच्या मानाने मिश्रण पातळ करतं. दोन-तीन महिने उभ्या राहिलेल्या गाडीत जुनं पेट्रोल सुकून जेटमध्ये चिकट थर धरतो. तेव्हा मात्र कार्बोरेटर खरोखरच दोषी असतो, आणि तो उघडून साफ करणं योग्यच.

आता त्या चौथ्या माणसाकडे. टाकीच्या झाकणाला हवा आत यायला एक बारीक भोक असतं. ते मातीने बुजलं, तर पेट्रोल खाली उतरतं तसा टाकीत वरच्या बाजूला हवेचा दाब घटत जातो आणि चार-पाच किलोमीटरनंतर पेट्रोल येणं थांबतं. गाडी बंद पडते, थोड्या वेळाने चालू होते, पुन्हा बंद पडते. झाकण सैल करताना ‘सुस्स’ आवाज झाला, तर निदान झालंच.

त्याने ना स्क्रू ड्रायव्हर काढला, ना सेटिंगला हात लावला. ज्याला पैसे लागत नाहीत आणि जे चुकलं तर काही बिघडत नाही, ते त्याने आधी करून पाहिलं. हाच क्रम पुढेही चालवावा : पेट्रोल खाली येतं का, ठिणगी जोरदार आणि वेळेवर आहे का, कुठून हवा शिरते का, सायलेन्सर मोकळा आहे का. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय बदललं ते वहीत लिहून ठेवावं. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कशाचा आला ते कधीच कळत नाही. कार्बोरेटरचा स्क्रू या यादीत सगळ्यांत शेवटी येतो. आणि तो फिरवायच्या आधी किती वेढे होते, तेही लिहून ठेवावं.