सिरोंच्याच्या अरण्यातील बीजवाहक

प्राणहिता-गोदावरीच्या संगमाने जिची सरहद्द आखली आहे, त्या सिरोंचा तहसिलीतील वृक्षांच्या बीजप्रसाराचा विचार करताना वानर आणि माकड यांना एकाच मापाने मोजणे मला अन्यायाचे वाटते. काळतोंड्या वानराचे अनेककोष्ठी जठर मुख्यत्वे पाला पचविण्यासाठी घडलेले असल्याने त्यात पुष्कळ बिया नष्ट होतात. लालतोंडे माकड मात्र गालांतल्या पिशव्यांत फळे भरून दूर जाते, सावकाश गर खाते आणि बी थुंकून टाकते, आणि मातृवृक्षाच्या सावलीत कीड व दाटी यांमुळे जे रोप बहुधा दगावले असते, त्यास अन्यत्र जागा मिळते. बंगालमधील बक्सा अरण्यात, माणसांनी खाऊ घातलेली माकडे हे कार्य कमी करतात, असे अभ्यासकांना आढळले. तेव्हा आलापल्ली-सिरोंचा मार्गावर कृपया त्यांच्यापुढे बिस्किटे टाकू नका.