नवी, नाव आणि पाव

फ्रेंचमध्ये नऊ या आकड्याला आणि 'नवा' या विशेषणाला एकच शब्द आहे: 'नफ'. पोर्तुगीजमध्ये 'नोव्ह' म्हणजे नऊ, 'नोव्हु' म्हणजे नवा. जर्मनमध्ये 'नॉइन' आणि 'नॉय'. संस्कृताचेही तसेच. नवरात्रातला 'नव' नऊ सांगतो, नवनीतातला ताजेपणा. इतक्या दूरदूरच्या भाषांत हीच जोडी टिकून राहते, कारण त्यांच्या मूळ भाषेतच हे दोन शब्द सारखे होते आणि ते सारखेपण तिच्या लेकींनी आपापल्या सासरी नेले. नऊचा नव्याशी अर्थानेही संबंध असावा, असा तर्क काहींनी केला आहे. तो सिद्ध झालेला नाही.

आमच्या नवी मुंबईच्या नावातला पहिला शब्द हा असा हजारो वर्षांचा. शहर मात्र कालचे. ते वसवणाऱ्या सिडकोची स्थापनाच मुळी १९७० सालची.

स्टेशनावरच्या रोमन पाटीत हा शब्द परक्या माणसाला नेव्हीसारखा दिसतो. नेव्हीचा नव्याशी काही संबंध नाही. ती लॅटिन 'नाविस'च्या घरातली, म्हणजे आपल्या नौकेची, खाडीत चालणाऱ्या नावेची नातलग. आणि आपण माणसाला विचारतो ते 'नाव' आणखी तिसरेच. ते 'नाम'पासून आले; लॅटिन 'नोमेन' आणि इंग्रजी 'नेम' हे त्याचे भाऊबंद. जुनी माणसे ते 'नांव' असे लिहीत. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी तो अनुस्वार गेला आणि दोन्ही नावे दिसायला एक झाली. ते टिंब म्हणजे गेलेल्या 'म'ची खूण होती. शब्दाच्या रूपावर जाऊ नये, त्याच्या अंगावरच्या खुणा बघाव्यात, हे मला त्या टिंबाने शिकवले.

युरोपच्या आणि आपल्या भाषांचे नाते सांगताना विल्यम जोन्स यांचे कलकत्त्यातले १७८६चे व्याख्यान हमखास निघते. पण त्याच्या दोनशे वर्षे आधी, १५८३ मध्ये, थॉमस स्टीफन्स यांनी गोव्याहून भावाला पाठवलेल्या पत्रात इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी असल्याचे लिहिले होते. मराठीत 'ख्रिस्तपुराण' रचणारे तेच हे फादर स्टीफन्स. त्याच दशकात फिलिप्पो सास्सेत्ती या फ्लॉरेन्सच्या व्यापाऱ्याने देव-दियो, सर्प-सेर्पे, सप्त-सेत्ते, नव-नोवे अशा जोड्या टिपल्या. तो १५८८ मध्ये गोव्यातच वारला. या दोघांना आपल्या शाळेच्या पुस्तकांत जागा मिळायला हवी.

अर्थात जोड्या टिपणे ही फक्त सुरुवात. नाते ठरते ते ध्वनींच्या नियमाने. संस्कृत आणि लॅटिनमध्ये जिथे 'प', तिथे इंग्रजीत 'फ': पितृ, 'पातेर', फादर, पाद, 'पेस', फूट. असा नियम शब्दामागून शब्दाला लागू पडला, तरच नाते मानायचे. क्रिकेटमधले शतक आणि सेंच्युरी दिसायला लांबचे, पण मूळ एक. उलट दिवस आणि इंग्रजी 'डे' जवळचे वाटतात, तरी 'डे'चे मूळ वेगळे. देवाचे लॅटिन 'देउस'शी नाते आहे, ग्रीक 'थेऑस'शी नाही. व्हॅटिकन म्हणजे वाटिका, असे संदेश फिरतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटते. व्हॅटिकन हे रोममधल्या टेकडीचे ख्रिस्ताच्याही आधीचे नाव आहे. खरी नाती एवढी थक्क करणारी असताना खोटी कशाला जोडायची?

शब्द सारखे दिसण्याची दुसरी वाट उसनवारीची, आणि ती वाशीच्या बाजारातून जाते. कांदा-बटाटा मार्केटमधला कांदा इथला, बटाटा कॅरिबियन बेटांवरचा. तिथे तो शब्द रताळ्याचा होता. अननस आणि काजू ब्राझीलच्या तुपी भाषेतले. तिन्ही शब्द पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्याकडे उतरले. फळबाजारातला हापूस 'आफोंसु' या पोर्तुगीज नावाचा, आणि ते नाव मुळात जर्मानिक वळणाचे.

बेकरीत 'पावशेर' आणि 'पाव' शेजारी येतात. पावशेरातला पाव 'पाद'पासून, म्हणजे फुटाचा चुलतभाऊ. खायचा पाव पोर्तुगीज 'पांव'पासून, मूळ लॅटिन 'पानिस'. याच 'पानिस'पासून एका भाकरीत जेवणारा तो इंग्रजी 'कम्पॅनियन', म्हणजे सोबती, आणि सोबत्यांची ती कंपनी. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कंपन्यांच्या नावात असा पाव दडलेला आहे.

काही शब्द तर आपल्याकडे दोनदा आले. लॅटिन 'त्रुंकुस' म्हणजे झाडाचे खोड. पोर्तुगीजांच्या तोंडी ते कैद्याचे पाय अडकवायचा खोडा झाले आणि मराठीत तुरुंग. इंग्रजांकडून तेच कपड्यांची ट्रंक होऊन आले. परात आणि प्लेट, मिस्त्री आणि मास्तर या जोड्याही तशाच.

हा शब्दांचा प्रवास आसगावच्या सेबास्तियांव रोदोल्फु दालगादु यांनी १९१३च्या ग्रंथात आशियातल्या कितीतरी भाषांमध्ये शोधून मांडला. पण बाजारातल्या जुन्या मापाड्यांचे, दिवाळे गावच्या कोळ्यांचे होडीचे आणि जाळ्याचे कितीतरी शब्द अजून कागदावर यायचे आहेत. तुमच्या घरी ऐंशी ओलांडलेले कोणी असेल, तर या दिवाळीत वही घेऊन त्यांच्याजवळ बसा. शब्द लिहा, गाव लिहा, धंदा लिहा. आणि उच्चार जसा ऐकू येईल तसाच लिहा, अनुस्वारासकट.