दगड उकळू नका, बरं का!

दोस्तांनो, चिंचोटी म्हटलं की धबधबा आणि पावसाळी सहल आठवते ना? धबधब्याचं पाणी गोडं. पण तिथून पश्चिमेला निघालात की थोड्याच वेळात वसईचा खारा समुद्र लागतो. हा समुद्र घरच्या फिश टँकमध्ये आणायची हौस काहींना असते. गप्पी किंवा गोल्डफिश पाळणं सोपं. खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये मात्र समुद्रातल्या दगडांबरोबर बिनबोलावलेले पाहुणेही येतात.

एक पाहुणा ऐप्टेशिया. हे छोटंसं समुद्रफूल खरवडून काढायला जावं, तर उरलेल्या तुकड्यातून नवा जीव तयार!

दुसरा झोअँथिड. शर्टाच्या बटणाएवढा, कडेला इवल्या बोटांची झालर. दिसायला फूल, पण आहे प्राणी, प्रवाळांचा नातेवाईकच. मुंबईत हाजी अलीजवळच्या खडकांवर ओहोटीला झोअँथिडचे गालिचे दिसतात. यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. कोणत्या जातीत किती, ते नुसतं बघून कळत नाही. हवाई बेटांवरच्या अशाच एका प्राण्यातून शास्त्रज्ञांनी हे विष वेगळं काढलं आणि १९७१ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली.

हे विष करतं काय? आपल्या पेशींच्या आवरणात इवले पंप असतात. ते सोडियम बाहेर टाकतात, पोटॅशियम आत घेतात. विष या पंपाला चिकटतं आणि त्याचं दार सताड उघडं ठेवतं. मग पेशीचा सगळा कारभारच कोलमडतो.

नको असलेले झोअँथिड घालवायला कुणी दगड उकळतं, कुणी ब्रशनं खसाखसा घासतं. इथंच घात होतो! उकळून हे विष मरत नाही. उलट वाफेबरोबर, तुषारांबरोबर ते घरभर पसरतं. २०१८ साली इंग्लंडमधल्या स्टीव्हंटन गावात टँकमधले प्रवाळ साफ करताना एक अख्खं कुटुंब आजारी पडलं. मदतीला धावलेल्यांनाही रुग्णालयात न्यावं लागलं.

ताप, खोकला, धाप, डोळ्यांची आग, तोंडात धातूसारखी चव, ही त्याची लक्षणं. यावर उतारा नाही. डॉक्टर लक्षणांवर उपचार करतात. म्हणून लगेच मोकळ्या हवेत जा, दवाखाना गाठा आणि 'घरी खाऱ्या पाण्याचा टँक आहे' हे आधी सांगा.

आता आईबाबांनो, तुम्हीही ऐका. टँक साफ करणं मोठ्यांचंच काम. हातात रबरी मोजे, डोळ्यांना चष्मा, खिडक्या उघड्या. हाताला जखम असेल तर टँकला हात लावू नका. दगड पाण्याबाहेर काढून खरवडू नका, गरम पाणी ओतू नका. टाकून द्यायचा दगड आणि वापरलेली साधनं पातळ केलेल्या ब्लीचमध्ये अर्धा तास बुडवून ठेवा. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा दुसरं काही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो.

आणि हो, आपल्या किनाऱ्यावरून दगडी प्रवाळ उचलून आणणं किंवा विकणं गुन्हा आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्यांना वाघाइतकंच संरक्षण दिलंय.

तेव्हा झोअँथिड बघायचे तर ओहोटीला मोठ्यांबरोबर जा आणि हात न लावता बघा. आणि कुणा मित्राकडे खाऱ्या पाण्याचा टँक असेल, तर उद्याच त्याला विचारा, "काय रे, तुमच्याकडे दगड कसे धुतात?"